नवा उमेदवार कसा ओळखावा? उज्जैनच्या भैरवगढचा अनुभव

गोव्याच्या विद्यमान विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. निवडणूक जवळ येते तसे प्रत्येक मतदारसंघात नवे चेहरे दिसू लागतात. कोणी पंचायतीतून वर येतो, कोणी पक्षकार्यालयातून, तर कोणी एखाद्या आंदोलनातून. अशा उमेदवाराविषयी मतदाराचे प्रश्न ठरलेले असतात. हा माणूस कोण, आजवर त्याने काय केले, निवडून आल्यावर तो कोणती भूमिका घेईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधली तर सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र प्रचाराच्या पंधरा दिवसांत क्वचितच मिळते, कारण उमेदवाराची खरी भूमिका ठरण्याची वेळ बहुधा निकालानंतर येते.

ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी मध्य प्रदेशातील उज्जैन उत्तर या मतदारसंघाचे उदाहरण उपयोगी आहे. काळभैरवाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेला भैरवगढचा परिसर शहराच्या या उत्तर भागात येतो. २०२३ च्या निवडणुकीत येथे भारतीय जनता पक्षाने प्रथमच विधानसभा लढवणाऱ्या कार्यकर्त्याला उमेदवारी दिली आणि तो निवडून आला. दोन वर्षांनी जमिनीच्या एका प्रश्नावर त्याला आपल्याच पक्षाच्या सरकारसमोर उभे राहावे लागले. जमिनीचा प्रश्न गोमंतकीयांना नवा नाही. म्हणूनच हे प्रकरण दूरचे असले तरी आपल्या ओळखीचे आहे.

क्षिप्रेच्या काठचे भैरवगढ

उज्जैन आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांच्याकडे माळव्याचा कारभार आला, तेव्हा त्यांचे दिवाण असलेल्या रामचंद्रबाबा सुखठणकर या सारस्वत गृहस्थांनी महाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे महादजी शिंदे यांच्या फौजेत पेडणे तालुक्यातील केरीचे जिवबादादा केरकर सेनापतीच्या पदाला पोहोचले. १८१० मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी ती उज्जैनला होती. काळभैरवाला शिंदे घराण्याकडून पगडी अर्पण करण्याची प्रथा आजही सांगितली जाते.

भैरवगढ शहराच्या उत्तर टोकाला, क्षिप्रेच्या काठी वसले आहे. काळभैरव, सिद्धवट आणि मध्यवर्ती कारागृह ही त्याची बाहेरच्यांना ठाऊक असलेली ओळख. चौथी ओळख कापडाची आहे. येथील छिपा समाजाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापत आले. मेण लावून रंगवण्याच्या बाटिक कामासाठीही ही वस्ती नावाजलेली आहे. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात, मग ते थंड रंगात बुडवतात. मेण लागलेला भाग कोरा राहतो आणि मेणाला पडलेल्या तड्यांतून रंग शिरून बारीक शिरा उमटतात. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सोडवले जाते. २०२३ मध्ये ‘उज्जैन बाटिक’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

या कामाला भरपूर पाणी लागते, आणि क्षिप्रा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. इंदूरचे सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी शहराच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. पुढे रामघाट, मंगलनाथ आणि मग भैरवगढचा परिसर. शहराच्या वापरानंतरचे पाणी उत्तरेच्या वस्तीच्या वाट्याला येते. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडण्याची योजना सुरू झाली. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी बंद वाहिनीतून वळवून ते खाली कालियादेहच्या बाजूला सोडण्याचेही काम झाले. तरीही नदी स्वच्छ करण्याचे आश्वासन प्रत्येक निवडणुकीत पुन्हा दिले जाते.

जागा रिकामी कशी झाली?

उज्जैन उत्तर ही भाजपची जुनी जागा. पारस जैन यांनी १९९० आणि १९९३ मध्ये, आणि नंतर २००३ पासून २०१८ पर्यंत सलग चार वेळा ती जिंकली. शिवराजसिंह चौहान यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. इतका जम बसलेला आमदार असताना २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पक्षाने त्यांच्याऐवजी अनिल जैन कालूहेडा यांचे नाव जाहीर केले. कालूहेडा यांची वाटचाल पक्षसंघटनेतली होती. शहर पातळीवर त्यांनी पक्षाचे काम केले होते. विधानसभेची उमेदवारी मात्र त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. काँग्रेसने त्यांच्यासमोर महापालिकेच्या राजकारणातून आलेल्या नगरसेविका माया राजेश त्रिवेदी यांना उभे केले.

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी मतदान झाले आणि ३ डिसेंबरला निकाल लागला. कालूहेडा सुमारे साडेसत्तावीस हजार मतांनी विजयी झाले. राज्यात भाजपने २३० पैकी १६३ जागा जिंकल्या. त्यानंतर अनेकांना अनपेक्षित अशी घटना घडली. १३ डिसेंबर रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती उज्जैन दक्षिणचे आमदार मोहन यादव यांनी. एकाच शहराच्या दोन जागांपैकी एका जागेवर राज्याचा मुख्यमंत्री आणि दुसऱ्या जागेवर त्याच पक्षाचा नवखा आमदार, अशी स्थिती निर्माण झाली. पुढच्या घडामोडी समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी काय सांगते?

नव्या उमेदवाराची माहिती मिळवण्याचे पहिले अधिकृत साधन म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे शिक्षण, मालमत्ता, कर्जे आणि गुन्हेगारी खटले यांची माहिती देणे बंधनकारक झाले. २०१८ च्या निकालाने त्यात उत्पन्नाच्या स्रोताची भर पडली. उमेदवारावर खटले असतील तर ते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावे लागतात, आणि तरीही त्यालाच का निवडले याचे कारण पक्षाला द्यावे लागते. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. निवडणूक खर्चाला मर्यादा आहे. २०२२ पासून मध्य प्रदेशासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेसाठी ती ४० लाख रुपये, तर गोव्यात २८ लाख रुपये आहे.

प्रतिज्ञापत्रातून उमेदवाराची मालमत्ता कळते, पण त्याच्यावर कोणाचे ऋण आहे हे कळत नाही. ते त्याच्या वाटचालीत शोधावे लागते. संघटनेतून आलेला उमेदवार पक्षशिस्तीत घडलेला असतो. त्याला कार्यकर्त्यांचे जाळे तयार मिळते आणि उमेदवारी देणाऱ्या नेतृत्वाशी तो बांधलेला राहतो. नगरसेवकपदावरून आलेल्या उमेदवाराला गटार, नळजोडणी, घरपट्टी असे प्रश्न तोंडपाठ असतात, परंतु राज्याच्या कायद्यांशी त्याचा संबंध कमी आलेला असतो. आंदोलनातून आलेला उमेदवार एका मुद्द्यावर ठाम असतो, मात्र उरलेल्या विषयांवर त्याची मते अजून तयार झालेली नसतात. त्यातली एक पार्श्वभूमी चांगली आणि दुसरी वाईट असे म्हणता येत नाही. प्रत्येकीतून पुढच्या वागणुकीचा थोडा अंदाज येतो, एवढेच.

या मोजमापाने पाहिले तर कालूहेडा यांच्याविषयी २०२३ मध्ये कोणीही असाच अंदाज बांधला असता की हे सरकारच्या धोरणाला धरून राहतील. ज्येष्ठ आमदाराची उमेदवारी कापून मिळालेली संधी, संघटनेतला पूर्वेतिहास आणि शेजारच्या जागेवर मुख्यमंत्री. या साऱ्या गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या.

प्रचारातली आश्वासने आणि स्थानिक प्रश्न

२०२३ च्या प्रचारात दोन्ही पक्षांची लढाई राज्यव्यापी आश्वासनांवर झाली. भाजपने गव्हाला क्विंटलमागे २,७०० रुपये आणि भाताला ३,१०० रुपये भाव देण्याचे वचन दिले. ‘लाडली बहना’ योजनेचा लाभ मिळणाऱ्या महिलांना घर देण्याचे आणि ४५० रुपयांत स्वयंपाकाचा गॅस देण्याचेही आश्वासन होते. काँग्रेसने गव्हाला २,६०० रुपये, महिलांना दरमहा १,५०० रुपये आणि ५०० रुपयांत गॅस सिलिंडर अशी प्रतिस्पर्धी यादी मांडली. अशा निवडणुकीत पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या उमेदवाराची धोरणविषयक भूमिका म्हणजे पक्षाचा जाहीरनामाच असतो. मतदारही त्याच्याकडे पक्षाचा प्रतिनिधी म्हणून पाहतो.

भैरवगढचे प्रश्न मात्र या याद्यांत सहसा मावत नाहीत. कापड छापणाऱ्याला स्वच्छ पाणी हवे आणि वापरलेल्या रंगीत पाण्याचा निचराही हवा. भौगोलिक मानांकनामुळे नावाला संरक्षण मिळते, पण बाजार आपोआप मिळत नाही. मंदिराभोवतीच्या दुकानदाराला यात्रेकरूंची गर्दी हवी असते. त्याच गर्दीसाठी रस्ता रुंद करायचे ठरले की दुकानाचा काही भाग जाण्याची भीती त्याला असते.

१ एप्रिल २०२५ पासून राज्य सरकारने उज्जैनसह १९ धार्मिक क्षेत्रांत दारूविक्री बंद केली. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवण्याची परंपरा आहे. विक्री बंद झाली तरी नैवेद्य चालू राहिला. शहरात विक्री नाही म्हणून भाविकाला तो बाहेरून आणावा लागतो. हा निर्णय भोपाळच्या मंत्रिमंडळाचा, आणि त्याचा रोजचा परिणाम भैरवगढच्या गल्लीत दिसणारा. स्थानिक आमदाराकडे लोक दाद मागतात ती अशाच निर्णयांसाठी. निर्णय त्याच्या हातात नसतो, उत्तर मात्र त्यालाच द्यावे लागते.

या सर्वांहून मोठा प्रश्न जमिनीचा निघाला.

सिंहस्थ आणि जमिनीचे एकत्रीकरण

दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत असताना उज्जैनला सिंहस्थ भरतो. मागचा २०१६ च्या एप्रिल-मे महिन्यांत झाला आणि पुढचा २०२८ मध्ये आहे. यासाठी क्षिप्रेच्या दोन्ही काठांवर आखाड्यांचे तंबू, तात्पुरते रस्ते, पाणी, वीज आणि शौचालये यांचे अवाढव्य नगर उभे राहते. २०१६ मध्ये मेळाक्षेत्र तीन हजार हेक्टरांहून मोठे होते आणि काळभैरव हा त्याचा एक विभाग होता. यातील बरीच जमीन शेतकऱ्यांची असते. प्रथा अशी की सरकार ती काही महिन्यांसाठी घेते, पिकाची भरपाई देते आणि मेळा संपल्यावर परत करते. बारा वर्षांतली बाकीची सारी वर्षे तेथे गहू, सोयाबीन, लसूण पिकतो.

२०२८ साठी राज्य सरकारने वेगळा विचार केला. दर वेळी तंबू आणि तात्पुरते रस्ते यांवर खर्च करण्याऐवजी पक्के रस्ते, गटारे, वीजवाहिन्या आणि आश्रमांसाठी कायमच्या जागा असलेले कुंभनगर वसवावे, अशी ही कल्पना होती. त्यासाठी दोन हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ‘लँड पूलिंग’ म्हणजे जमीन एकत्रीकरण करण्याचे ठरले. उज्जैन विकास प्राधिकरणाने १९७३ च्या मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली त्यासाठी नगरविकास योजना जाहीर केल्या.

या पद्धतीचे गणित असे असते. समजा, एका शेतकऱ्याची दहा बिघे जमीन योजनेत आली. भूसंपादनात सरकार ती विकत घेऊन मोबदला देते. एकत्रीकरणात जमीन विकत घेतली जात नाही. सर्वांच्या जमिनी एकत्र धरून नवा आराखडा काढला जातो आणि रस्ते, मोकळ्या जागा व सार्वजनिक सोयी यांसाठी ठरावीक वाटा वगळून उरलेला भाग मूळ मालकाला विकसित भूखंडाच्या रूपात परत मिळतो. उज्जैनमध्ये हा परत मिळणारा वाटा साधारण निम्मा होता. म्हणजे दहा बिघ्यांचा मालक पाच बिघ्यांचा धनी राहणार, पण रस्त्याला लागलेल्या त्या पाच बिघ्यांची किंमत पूर्वीच्या दहांहून जास्त होईल, असा सरकारचा युक्तिवाद होता. गुजरातच्या नगररचना योजनांत ही पद्धत जुनी आहे. आंध्र प्रदेशात अमरावती या नव्या राजधानीसाठी २०१५ पासून तीस हजारांहून अधिक एकर जमीन याच मार्गाने एकत्र करण्यात आली.

हा युक्तिवाद जमीन विकू इच्छिणाऱ्याला पटतो. जमीन कसू इच्छिणाऱ्याला तो पटत नाही. विकसित भूखंडावर गहू पिकत नाही. विहीर कोणाच्या वाट्याला जाईल हे माहीत नसते. जमीन जिथे होती तिथेच परत मिळेल याची खात्री नसते. शिवाय उज्जैनच्या शेतकऱ्याचा एक खास मुद्दा होता. आजवर सिंहस्थासाठी दिलेली जमीन परत मिळत आली आहे, मग यावेळी मेळ्याच्या नावाने ती कायमची का जावी? संघपरिवारातील भारतीय किसान संघाने या मागणीला आवाज दिला. विरोध करणारे विरोधी पक्षाचे आहेत, असे म्हणून तो बाजूला सारणे त्यामुळे सरकारला शक्य नव्हते.

पत्र आणि माघार

सत्ताधारी आमदारांपैकी या प्रश्नावर पहिला मोठा आवाज आलोटचे भाजप आमदार आणि उज्जैनचे माजी खासदार चिंतामणी मालवीय यांनी उठवला. मार्च २०२५ मध्ये त्यांनी विधानसभेतच शेतकऱ्यांची बाजू मांडली. पक्षाने त्यांना कारणे दाखवा नोटीस बजावली. सरकारी धोरणाविरुद्ध सभागृहात बोललेल्या आमदाराचे काय होते, हे बाकीच्यांनी पाहिले.

त्यानंतर आंदोलन वाढत गेले. सप्टेंबरमध्ये ट्रॅक्टर रस्त्यावर आले. नोव्हेंबरच्या मध्यास सरकारने भोपाळमध्ये किसान संघाच्या प्रतिनिधींशी चर्चा करून योजना मागे घेण्याची घोषणा केली. पण पुढे निघालेल्या आदेशाने योजना पूर्णपणे रद्द होत नाही, केवळ बदलते, असे शेतकरी नेत्यांचे म्हणणे पडले. त्यांनी फसवणुकीचा आरोप केला आणि २६ डिसेंबरपासून उज्जैनमध्ये ठाण मांडण्याचा इशारा दिला.

या टप्प्यावर कालूहेडा यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. शेतकऱ्यांना ही योजना मान्य नाही आणि आंदोलन झाले तर आपणही त्यात सहभागी होऊ, असा त्या पत्राचा आशय होता. संघटनेत वाढलेला, पहिल्याच कारकिर्दीतला आमदार त्याच शहरातल्या, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याला हे कळवत होता. पत्र बाहेर आले आणि डिसेंबरच्या मध्यास सरकारने योजना रद्द केल्याचा आदेश काढला.

या पत्रामुळेच निर्णय फिरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. कित्येक महिने रस्त्यावर राहिलेले शेतकरी आणि किसान संघाची ताकद हे माघारीमागचे मुख्य बळ होते. आमदार त्या लाटेच्या पुढे नव्हता, लाट चढल्यावर तो तिच्यासोबत गेला. तरीही पत्राचे महत्त्व कमी होत नाही. त्या घटकेला त्याच्यासमोर दोन बाजू होत्या, उमेदवारी देणारा पक्ष आणि मते देणारा शेतकरी. मालवीय यांना मिळालेली नोटीस त्याला माहीत होती. २०२३ च्या जाहीर सभांतून जे कळण्याची शक्यता नव्हती, ते मतदारसंघाला या पत्रातून कळले.

आमदाराला किती मोकळीक असते?

येथे एक घटनात्मक बाब स्पष्ट करायला हवी. १९८५ मध्ये आलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षाने बजावलेल्या व्हिपविरुद्ध मतदान करणारा आमदार अपात्र ठरू शकतो. सभागृहातील मतदानात त्याला फारसे स्वातंत्र्य उरत नाही. पण पत्र लिहिणे, समितीत प्रश्न विचारणे, लक्षवेधी सूचना देणे, लोकांबरोबर बसणे, हे मार्ग त्याला मोकळे असतात. त्यांची किंमत राजकीय असते. पुढची उमेदवारी किंवा मंत्रिपद गमवावे लागू शकते. म्हणूनच उमेदवाराला ‘तुम्ही अमुक विधेयकाला विरोध कराल का?’ असे विचारण्यापेक्षा ‘विधेयक येण्यापूर्वी तुम्ही कुठे, कोणाजवळ आणि कधी बोलाल?’ असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

छोट्या राज्यात ही परीक्षा अधिक कठीण होते. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणला, पण छोट्या राज्यांत मुख्यमंत्र्यांसह बारा मंत्र्यांची मुभा ठेवली. मध्य प्रदेशात २३० आमदारांपैकी जास्तीत जास्त ३४ जण मंत्री होऊ शकतात. गोव्यात ४० पैकी १२. त्यात महामंडळांची अध्यक्षपदे मिळवली तर सत्तेबाहेर राहणारा सत्ताधारी आमदार शोधावा लागतो. नवख्या आमदारालाही काही ना काही मिळण्याची आशा असते, आणि आशा असलेला माणूस सहसा पत्र लिहीत नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आठ आमदार भाजपमध्ये गेले, त्यामागच्या कारणांत या गणिताचाही विचार करावा लागतो.

याच्या उलट उदाहरणही गोव्यात आहे. २०२२ मध्ये सांत आंद्रे मतदारसंघात रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाचे वीरेश बोरकर पहिल्यांदाच उभे राहिले आणि फ्रान्सिस सिल्वेरा यांच्यावर अवघ्या ७६ मतांनी विजयी झाले. त्यांची मुख्य भूमिका निवडणुकीपूर्वीच लेखी स्वरूपात होती. गोमंतकीय कोण याची व्याख्या करणारे ‘पोगो’ विधेयक आणण्याचे त्यांच्या पक्षाने सांगितले होते. हे विधेयक घटनाविरोधी असल्याचे कारण देऊन ते सभागृहात मांडण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. भूमिका योग्य की अयोग्य हा वादाचा विषय आहे. पण मतदाराला आपण कशासाठी मत देतो हे आधी माहीत होते, आणि निवडून आलेल्याने ती भूमिका सोडली की नाही हेही नंतर तपासता आले.

गोव्याच्या मतदाराने काय विचारावे?

उज्जैनचे शेत आणि गोव्याचे भाट यांत फरक पुष्कळ आहे, पण प्रश्न एकाच जातीचा आहे. जमिनीचा वापर बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा? गोव्यात नगर व ग्रामनियोजन कायद्यातील कलम १७ (२) आणि नंतर आलेले ३९ (अ) यांवरून हाच वाद पेटला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७ (२) खालील नियम रद्द ठरवले. उज्जैनमध्ये निर्णय रस्त्यावर फिरला, गोव्यात न्यायालयात. दोन्हीकडे सर्वसाधारण आमदाराची भूमिका लोकांना उशिरा कळली.

म्हणून नव्या उमेदवाराच्या दारी आलेल्या मतदाराने तीन गोष्टी विचारून त्यांची उत्तरे लिहून ठेवावीत. पहिली गोष्ट मतदारसंघातल्या एका ठोस जागेविषयीची असावी. गावचे खाजन, डोंगराचा उतार किंवा कोमुनिदादची जमीन, यांपैकी एकीचे नाव घेऊन तिचे काय व्हावे असे उमेदवाराला वाटते ते विचारावे. ‘विकास पर्यावरणपूरक असावा’ असे वाक्य उत्तर म्हणून धरू नये. दुसरी गोष्ट मतभेदाची. पक्ष आणि गाव यांचे मत वेगळे पडले तर आपण काय केले, याचा उमेदवाराच्या आजवरच्या आयुष्यातला एक दाखला मागावा. पंचायत, सहकारी संस्था, देवस्थान समिती, कुठलाही चालेल. तिसरी गोष्ट प्रतिज्ञापत्राची. त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर कुठे किती जमीन आहे हे त्यात दिलेले असते. जमिनीविषयी कायदे करणाऱ्याची स्वतःची जमीन कोणत्या क्षेत्रात येते, हे जाणून घेण्यात गैर काहीच नाही.

या तिन्ही उत्तरांतून भविष्य कळणार नाही. कालूहेडा यांना २०२३ मध्ये हे प्रश्न कोणी विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते, हे सांगता येत नाही. पण उत्तर लिहून ठेवले असते, तर २०२५ च्या डिसेंबरमधल्या पत्राची त्याच्याशी तुलना करता आली असती. आमदार आपल्या शब्दाला जागला, की शेतकऱ्यांनी त्याला जागे केले, हे भैरवगढला नेमके कळले असते.

योजना रद्द झाल्याने भैरवगढचे सारे प्रश्न संपलेले नाहीत. सिंहस्थासाठी जमीन तात्पुरती का होईना घ्यावीच लागणार आहे, आणि तिची भरपाई किती व कधी मिळेल हा प्रश्न आहेच. कान्हचे पाणी वळवण्याची नवी कामे पुरी व्हायची आहेत. मेण सोडवून उरलेले रंगीत पाणी कुठे जावे, याचे उत्तर छिप्यांच्या गल्लीला अजून हवे आहे. २०२८ च्या वसंतात क्षिप्रेच्या काठी सिंहस्थाची गर्दी लोटेल आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रदेशात पुन्हा विधानसभेची निवडणूक होईल. तोवर उज्जैन उत्तरचा आमदार नवखा राहिलेला नसेल. मेळ्यानंतर शेत वेळेवर आणि नांगरण्याजोगे परत मिळाले का, हे पाहून नदीकाठचा शेतकरी आपले मत ठरवील.